रात्री हातांची आग होते, कारण नेमकं शोधायचं कसं?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. इथं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच.

पोळ्याच्या सुमारास माझ्या हातांची आग सुरू झाली, आता दिवाळी तोंडावर आली. दिवसा कामाच्या नादात फारसं जाणवत नाही. रात्री मात्र डोळा लागला की मध्येच जाग येते, ती हात पेटल्यासारखे वाटूनच. मग उठते, मोरीत जाऊन गार पाण्याखाली हात धरते, तेव्हा कुठे बरं वाटतं. हातावर दिसत काहीच नाही. पुरळ नाही, सूज नाही, लालीही नाही. वय ४६. शिवणकाम करते, ब्लाउज आणि शाळांचे गणवेश. घरची थोडी कोरडवाहू शेती आहे, वेळ पडली की तिथंही जाते.

गावात ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांचं उत्तर एकच, उष्णता. सब्जा झाला, गुलकंद झाला, धने-जिऱ्याचं पाणी झालं. हातांना मेंदी लावून झोपले. सासूबाईंनी तूप लावून काशाच्या वाटीनं तळहात घासून दिले. गारवा मिळतो तो तेवढ्यापुरता. गावच्या दवाखान्यात ती लाल इंजेक्शनं घेतली. साखर एकदा बघितली, जेवणानंतरची, ती ठीक निघाली. माय म्हणते, "हातनी आग व्हई रायनी म्हंजे पित्तच से, दुसरं काही नही."

मला औषधाचं नाव नकोय. शोधायला सुरुवात कुठून करायची ते कळायला हवंय. हाडांचे डॉक्टर, नसांचे, की कातडीचे? तिघांकडे जाऊन तिघांच्या तपासण्या करण्याएवढा पैसा नाही, आणि झोप नाही म्हणून दिवसाचं कामही बिघडायला लागलंय.

खापरावरची (एरंडोल)

ताई, मिरच्यांचं काही काम केलं होतं का त्या सुमारास? भरताच्या हिरव्या मिरच्या मी हातानं मोडते, तेव्हा माझीही रात्र अशीच जाते. झोपायच्या आधी बोटं उशीवर टेकवत नाही. वरून काही दिसत नाही हेही अगदी तसंच.

पथारी (नंदुरबार)

मिरचीचा विषय निघाला म्हणून लिहितो, आमच्या घरात हाच धंदा आहे. हंगामात ओली लाल मिरची बाजारात येते, पथारीवर पसरून वाळते, आणि देठ खुडायला बायका ओळीनं बसतात. हातांच्या आगीबद्दल त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही.

मिरचीची आग ओळखता येते. काम केलं त्याच दिवशी, थोड्या वेळानं चढते. ऊन पाण्यानं आंघोळ केली की भडकते. चुकून डोळ्याला हात लागला तर डोळाही पेटतो. आणि एक-दोन दिवसांत आपोआप उतरते. काम नसताना, महिन्यामागून महिने, दिवसा गप्प आणि रात्रीच जागी, असं मिरची करत नाही.

मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसतं पाणी ओतलं तर ते पसरतं. आधी गोडंतेल चोळायचं, पुसायचं, मग भांड्यांच्या साबणानं धुवायचं, आणि हेच पुन्हा एकदा. हातमोजे घालायचे तर नायट्राइलचे.

एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे, कारण देठ खुडणाऱ्या बायकांना घरचे म्हणतात की हाताला काही झालेलं तर दिसत नाही. आपल्या नसांच्या टोकांवर एक ग्राही (रिसेप्टर) असते, ती साधारण ४३ अंशांच्या वर उष्णता गेली की मेंदूला कळवते. कॅप्सेसिन नेमकी तीच ग्राही उघडतं. कातडी भाजलेली नसते, पण मेंदूला निरोप भाजल्याचाच जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी ही ग्राही मिरचीच्याच मदतीनं शोधली आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. तेव्हा दिसत नाही म्हणून आग खोटी, असं कुणी म्हणू नये. ताई, तुम्हालाही कुणी म्हणत असेल तर मनावर घेऊ नका.

केळी_कापूस (चोपडा)

फवारणीचं काय? पोळ्याच्या सुमारास कापसावर फवारणी चालू असते. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन या गटाची औषधं उघड्या कातडीला लागली की काही तासांनी झिणझिण्या येतात आणि आग होते. हाताला होते, तोंडाला जास्त. घाम आला, ऊन लागलं की वाढते. माझ्या सालदाराला होतं तसं, पण साधारण दिवसाभरात उतरतं.

मोनोक्रोटोफॉससारख्या औषधांची गोष्ट वेगळी. तिथं हाताच्या आगीकडे बघत बसायचं नसतं. लाळ सुटली, दरदरून घाम आला, उलटी झाली, डोळ्याची बाहुली बारीक झाली, दम लागला, यातलं काही दिसलं की अंगावरचे कपडे काढायचे, साबणानं अंग धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन सरळ मोठा दवाखाना गाठायचा. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून जास्त शेतकरी आणि मजूर गेले. तरी अजून आमच्याकडे लोक बादलीत काठीऐवजी हातानं औषध ढवळताना दिसतात. बघून जीव तुटतो.

गिरणाकाठ

भाऊ, फवारणी आमचे हे करतात, मी त्या पट्ट्यात जात नाही. त्यांना काहीच त्रास नाही. मिरचीचं म्हणाल तर रोजच्या ठेच्यापुरती, वर्षानुवर्षं तेवढीच. साबणही बदललेला नाही.

सातपुडा_सिस्टर (शहादा)

ताई, मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बहुतेक वर्षं ग्रामीण रुग्णालयात गेली. तुम्ही विचारलंय कुठून सुरुवात करायची, तर सुरुवात तुमच्या हातापासूनच करा. हात जळतात एवढ्यावर कुणालाच काही सांगता येणार नाही. कोणता हात, त्यातली कोणती बोटं, तळहात की हाताची मागची बाजू, हे लागेल. हाताला येणाऱ्या मुख्य नसा तीन, आणि प्रत्येकीचा इलाखा ठरलेला आहे. आग कुठं थांबते यावरून नस कळते.

आज रात्री जाग आली की लगेच मोरीकडे पळू नका. दिवा लावा आणि दुसऱ्या हातानं, जिथं जळतंय त्याच्या कडेनं रेघ ओढा. पेनानं ओढा, कशानंही ओढा. जाग आल्या आल्याच ओढायची, सकाळी आठवून सांगू नका. सकाळी सगळ्यांना अख्खा हात आठवतो.

आणि एवढं बघून ठेवा. उठलात तेव्हा मनगट वाकलेलं होतं का, हात डोक्याखाली होता का. पाण्यात न घालता नुसता हात झटकला तर बरं वाटतं का. करंगळीला काही होतं का, हे नीट, पुन्हा पुन्हा बघा. मान मागे किंवा बाजूला वळवली तर आग वाढते का. पायांना काही आहे का, तळव्यांना मुंग्या, चप्पल पायातून सुटलेली न कळणं. दिवसा कोणत्या कामात थोडं तरी जाणवतं. चालू असलेली सगळी औषधं, आयुर्वेदिक आणि घरगुतीसुद्धा. पाळी, वजन, केस, थकवा, यांतही काही बदल असेल तर लिहा.

पांझराकाठ (धुळे)

सिस्टरांनी पायांचं विचारलं ते फार महत्त्वाचं आहे. मला मधुमेह आहे. माझी आग आधी तळपायांना सुरू झाली, चादर लागली तरी नको व्हायचं. मधुमेहात सगळ्यांत लांबच्या नसा आधी दुखावतात, म्हणून पाय आधी आणि हात नंतर. मोजे घातल्यासारखा भाग असतो, दोन्हीकडे सारखा. नुसत्या हातांपासून सुरुवात झाली असेल तर साखर एकटी दोषी असण्याचा संभव कमी, असं मला डॉक्टरांनी समजावलं होतं.

तरी जेवणानंतरच्या एका साखरेवर विसंबू नका. उपाशीपोटीची बघा, १२६ किंवा वर असेल तर मधुमेह धरतात, खात्रीसाठी पुन्हा करतात. एचबीएवनसी करा, तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. ६.५ किंवा वर मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी ब१२ जीवनसत्त्वसुद्धा तपासा. त्या गोळीनं ब१२ शोषलं जाणं कमी होतं, आणि मग आग साखरेची की ब१२ ची हे कळेनासं होतं. माझं दोन्ही होतं. म्हणून गोळी मनानं बंद करू नका, डॉक्टरांना सांगून ब१२ भरून काढता येतं.

निंबाचा_पार (पाचोरा)

ताई, ओळखीतला एक माणूस पुड्या देतो, काळसर भस्म असतं, मधातून घ्यायचं. आमच्या भाऊबंदांत दोघांना हातापायाच्या आगीला गुण आला. पत्ता हवा असेल तर सांगतो. मनापासून सांगतोय.

चौकातला_दवाखाना (पारोळा)

निंबाचा पार, तुमची कळकळ कळते, पण आतमध्ये काय आहे हे लिहिलेलं नसलेली पुडी या दुखण्यात तरी कुणी घेऊ नये असं मी कळवळून सांगतो. नीट न बनवलेल्या भस्मांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि आर्सेनिक स्वतःच हातापायांच्या नसा जाळतं. काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्यानं चार दिवस गुण येतो आणि साखर वाढते. शिकलेल्या वैद्यांकडे जायला माझा अजिबात विरोध नाही. चिठ्ठी देणाऱ्या, नाव-नोंदणी असलेल्या वैद्याकडे जा.

गिरणाकाठ ताई, मी एमबीबीएस आहे, गावठाणातला दवाखाना चालवतो. तुम्हाला न तपासता निदान करणार नाही. सिस्टरांनी विचारलेल्याची उत्तरं आली की पुढचं बोलू. एक गोष्ट आत्ताच सांगतो. लाल इंजेक्शनं ब१२ चीच असणार. ती घेऊन झाल्यावर ब१२ ची तपासणी केली तर आकडा चांगलाच येईल, त्यावरून आधी कमतरता नव्हती असं म्हणता येणार नाही. बाकीच्यांनी हे ध्यानात ठेवा: रक्त आधी द्यायचं, इंजेक्शन नंतर. आमच्या व्यवसायातही हे पाळलं जात नाही, आणि मग पेशंटला आयुष्यभर कळत नाही की त्याला नेमकं काय झालं होतं.

गिरणाकाठ

सिस्टर, सांगितलंत तसं केलं. पेन शोधत बसण्यापेक्षा शिवणाचा खडू उशाशीच ठेवला होता. जाग आली तशी डाव्या हातानं उजव्या हातावर रेघ ओढली. मुलीनं सकाळी मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या काही रात्री पुन्हा ओढली, रेघ जवळपास तीच.

उजव्या हाताला अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मधलं बोट, आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू. अनामिकेची दुसरी बाजू चांगली. करंगळी एकदम चांगली. तळहात, म्हणजे मनगटाजवळचा गादीसारखा भाग, तोही चांगला. मला तर अख्खा पंजा पेटलाय असंच वाटायचं.

डाव्या हाताला अंगठा आणि पहिलं बोट, तेही पुसट.

पाण्याचं म्हणाल तर, मोरीत न जाता नुसता हात झटकला, तरी तेवढंच बरं वाटलं. प्रत्येक वेळी मनगट दुमडून गालाखाली किंवा छातीशी घेतलेलं होतं. दिवसा विचार केला तर कात्रीनं जाड कापड कापताना, फोन कानाला धरून बोलताना, स्कूटीचं हँडल धरल्यावर मुंग्या येतात. आणि आजकाल सुई हातातून सुटते. सुईत दोरा ओवायला मुलीला हाक मारते, मला वाटलं चष्मा बदलायला झाला. पायांना काही नाही. मान वळवून बघितली, फरक नाही. वजन वाढलंय, बद्धकोष्ठ आहे, केस गळतात. मी म्हटलं वयाचं असेल.

सातपुडा_सिस्टर

शाबास. हा फोटो कुठल्याही डॉक्टरांना दाखवा, त्यांचा निम्मा वेळ वाचेल.

चौकातला_दवाखाना

ताई, हे वाचून मनगटाकडे बोट दाखवावंसं वाटतं. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) जातात आणि एकच नस, मीडियन नर्व्ह. भुसावळ पॅसेंजरच्या दारात नऊ धट्टेकट्टे उभे राहिले आणि दहावा बारीक माणूस दाबला गेला, तसं तिचं होतं. कंडरांना सूज आली, अंगात पाणी साठलं, मनगट दुमडलं, की सगळा दाब तिच्यावर. झोपेत आपण मनगट नकळत दुमडतो, म्हणून रात्रीची आग. हात झटकून बरं वाटणं ही तर या दुखण्याची ठळक खूण.

तुमच्या खडूच्या रेघेतला तळहाताचा भाग मला फार बोलका वाटला. तळहाताच्या गादीला जाणीव देणारी फांदी त्या बोगद्याच्या आधीच मुख्य नसेपासून निघते आणि वरून जाते, म्हणून बोगदा आवळला तरी गादी वाचते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. दाब वर मानेत असता तर अंगठ्याची आग दंडापासून उतरत आली असती आणि मान हलवल्यावर बदलली असती. हे ठोकताळे आहेत. माणसांचे हात नेहमी पुस्तकाप्रमाणे वागत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष तपासणी हवीच.

घरी एक करून बघा. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं जमिनीकडे, मनगटं पूर्ण दुमडलेली. एक मिनिट तसंच धरा. त्याच बोटांत मुंग्या किंवा आग आली तर संशय बळावतो. नाही आली तर दुखणं नाही असं मात्र समजू नका.

आता खर्चाचं. तुमच्या वर्णनात वजन, बद्धकोष्ठ, केस हे ऐकून पहिली तपासणी मी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, सांगेन. थायरॉइड मंदावली की मनगटाच्या बोगद्यात सूज धरते. त्याच रक्तात एचबीएवनसी आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. याला तज्ज्ञ लागत नाही, जवळचा कुठलाही एमबीबीएस किंवा एमडी लिहून देईल. एमआरआयची घाई कुणी केली तर कशासाठी ते विचारा. त्यानंतर नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही. तिच्यात नसेतून विजेचा हलका धक्का देऊन मनगटाशी वेग मंदावतो का ते मोजतात. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आधी तिथल्या ओपीडीत चौकशी करा.

सुई सुटते याची मला काळजी वाटते. अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर स्नायू आहे तो दोन्ही हातांचा शेजारी धरून बघा. उजवा चपटा दिसत असेल तर दिवाळी होऊ द्या म्हणून थांबू नका.

अमळनेरी (अमळनेर)

माझं उलट होतं. करंगळी आणि अनामिकेची तिच्याकडची बाजू, तिथंच आग आणि मुंग्या. बँकेत टेबलावर कोपर टेकवून बसायची सवय, आणि झोपताना कोपर पूर्ण दुमडलेलं. ती नस कोपराच्या आतल्या बाजूनं जाते, जिथं आपटलं की झणका येतो तिथून. टेबलावर घडी केलेला टॉवेल ठेवला, रात्री कोपराला जुनी ओढणी सैल गुंडाळून झोपायला लागलो म्हणजे ते पूर्ण दुमडत नाही. डॉक्टरांनी एवढंच सांगितलं होतं आणि बरंच कमी झालं.

आशा_धडगाव (अक्राणी)

करंगळीचं निघालं म्हणून लिहिते. मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या पाड्यांवर हाताला आग, मुंग्या किंवा बधिरपणा म्हटलं की मी आधी कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा बघते. त्या चट्ट्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, घाम येत नाही. तव्याचा चटका बसला आणि फोड आल्यावरच कळलं, असंही बायका सांगतात. कोपराजवळची नस जाड लागते, दुखते. हा कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिने घ्यायची. वेळेत घेतली तर हात वाकडा होत नाही. भीती आणि लाजेनं लोक लपवतात आणि बोटं जातात, ते मी डोळ्यांनी बघितलंय. चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात या, कुणी नावं ठेवणार नाही. ठेवली तर मला सांगा.

दुसरं, टीबीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांचं. त्यातल्या आयसोनियाझिडमुळे हातापायांची आग होऊ शकते, कारण ते शरीरातलं ब६ कमी करतं. अंगानं अशक्त, गरोदर, दारू पिणारे, मधुमेहवाले यांना जास्त. त्यासाठी ब६ ची वेगळी गोळी देतात. आग होते म्हणून लोक टीबीचीच गोळी सोडतात आणि आजार उलटतो. गोळी सोडायची नाही, आम्हाला सांगायचं.

चौकातला_दवाखाना

आशाताईंनी लिहिलेलं सगळ्यांनी वाचावं. त्याला एक जोड. ब६ कमी पडलं तरी नस दुखावते आणि मोठ्या मात्रेत महिनोन्महिने घेतलं तरी दुखावते. ताकदीच्या गोळ्या म्हणून मेडिकलमधून आणून वर्षभर खाणाऱ्यांनी पाकिटावर ब६ किती ते दाखवून विचारा.

आणि हे शोधाशोधीत बसत नाही: एकाएकी एका बाजूचा हात बधिर किंवा लुळा, तोंड वाकडं, बोलणं अडखळणं. किंवा छातीत भरून येणं, घाम आणि डाव्या हातात आग. तेव्हा १०८ ला फोन.

खापरावरची

गिरणाकाठ ताई, मनगटाचंच निघालं तर भाकरी थापणं, कणीक तिंबणं, कपडे पिळणं हे घरात दुसऱ्या कुणाकडे द्या थोडे दिवस. सांगायला संकोच वाटतो ते माहीत आहे. तरी द्या. आमच्याकडे कपडे पिळायचं काम मुलाकडे गेलं, घर बुडालं नाही.

गिरणाकाठ

मंडळी, उशिरा लिहितेय, दिवाळीचं शिवण आवरायचं होतं.

टीएसएच १४ आलं. एचबीएवनसी ५.८. सीबीसीत हिमोग्लोबिन थोडं कमी. ब१२ चांगलं आलं, पण डॉक्टरसाहेबांनी आधीच सांगितलं होतं म्हणून तो आकडा मी मोजत नाही. एनसीव्हीत उजव्या मनगटाशी नस मध्यम दाबलेली, डावी किंचित. मानेचं काही नाही.

थायरॉइडची गोळी सुरू झाली, पहाटे उपाशीपोटी, चहाआधी. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपते. आतमध्ये धातूची पट्टी असते, तिच्यामुळे मनगट दुमडत नाही. सुरुवातीला अवघड वाटलं. पण पट्टा बांधायला लागल्यापासून सलग झोप लागते, हे मला आधी सांगायचंय. दिवसाच्या मुंग्या अजून आहेत. सुई अजून सुटते, आधीपेक्षा कमी. स्नायू चपटा झालेला नाही असं डॉक्टर म्हणाले, पण पुढच्या भेटीत बोटांची ताकद पुन्हा मोजणार. तेव्हा कमी भरली तर छोटी शस्त्रक्रिया करावी लागेल, त्या जागेपुरती भूल देऊन बोगद्यावरचा पट्टा मोकळा करतात म्हणे.

माय अजून पित्तच म्हणते. पट्टा मात्र रात्री तीच आठवणीनं आणून देते.

सातपुडा_सिस्टर

पट्टा घट्ट आवळू नका ताई, एक बोट आत जाईल एवढा सैल हवा. सकाळी बोटं सुजलेली वाटली तर बांधणं चुकतंय असं समजा. आणि बरं वाटतंय म्हणून लगेच सोडू नका, निदान सहा आठवडे तरी.

चौकातला_दवाखाना

थायरॉइडची गोळी लागू पडायला वेळ लागतो. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा, आकडा सुधारला म्हणून गोळी बंद करू नका. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी दिली असेल तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब घ्या, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून लोह दिलंच असेल, तेव्हा हे आजच बघा.

गिरणाकाठ

दिलंय! दोन्ही एकदमच घेत होते. आजपासून लोह दुपारी.

तापीची_लेक (सावदा)

धागा आजच वाचला. माझ्या आईचे हात जळतात, पण ते लालबुंद होतात आणि हाताला गरम लागतात. तिचं वय ६८. पंखा, गार फरशी, काही पुरत नाही. बर्फाच्या पाण्यात हात घालून बसते, आता कातडी पांढरी पडून सोलायला लागली आहे. पायांनाही होतं, हातांपेक्षा जास्तच. हेही मनगटाचंच का?

चौकातला_दवाखाना

नाही, हे वेगळं दिसतं. लाल होणं, खरोखर गरम लागणं आणि गारव्यानंच बरं वाटणं हे एकत्र असेल तर एरिथ्रोमेलाल्जिया नावाच्या त्रासाचा विचार करावा लागतो. कधी कधी त्याच्या मुळाशी रक्तातल्या प्लेटलेट किंवा तांबड्या पेशी वाढलेल्या असतात, आणि ते साध्या सीबीसीत दिसतं. पायांना जास्त आहे म्हणून साखरही त्याच रक्तात बघा. आग चढलेली असताना हातापायांचे फोटो काढून ठेवा, दवाखान्यात पोचेपर्यंत लाली उतरलेली असते. ऍस्पिरिन वगैरे मनानं सुरू करू नका.

बर्फ आजपासून बंद. गार पाण्यात भिजवलेलं फडकं थोडा वेळ ठेवा, मग काढा. सोललेल्या जागेला जंतू लागला तर या वयात फार जड जातं.

तापीची_लेक

उद्या सकाळी उपाशीपोटीच नेते तिला. बर्फाचा ट्रे आत्ताच फ्रीजमधून काढून ठेवला. रिपोर्ट आला की इथंच लिहू की नवीन धागा काढू?

चौकातला_दवाखाना

नवीन काढा, आईचं सगळं पहिल्यापासून लिहा. मी बघतो.